पार्लरच्या दारातले अप्पा

बसवकल्याणातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर काढायचं मी ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी होकार दिला तो सासऱ्यांनी. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. मला वाटलं होतं, अप्पा नको म्हणतील, सासूबाई रुसतील आणि नवरा दोन्हीकडून मान डोलवेल. प्रत्येकासाठी मी उत्तरं तयार करून ठेवली होती. अप्पा एवढंच म्हणाले, "काढ की. खोली रिकामीच हाय. फकस्त माझी बाज दारातनं हलवू नको."

मी आनंदाच्या भरात हो म्हणून बसले. धंद्यातली पहिली अट मी अशी विचार न करता मान्य केली, आणि ती मला सगळ्यांत महाग पडली.

माझं माहेर उदगीरकडचं. कोर्स लग्नाआधी लातूरला केलेला. कन्नड मला घरातल्या वादावादीपुरतंच समजायचं. पण आयब्रो हा शब्द मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनी उर्दूत सारखाच असल्यामुळे भाषेची फार अडचण येणार नाही, असा माझा हिशेब होता. आरसा आणला, मागे झुकणारी खुर्ची आणली, बाहेर फलक लावला. नवऱ्याचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. धंद्यातलं आपल्याला फार कळतं असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की आधी पाणी दे. बाकी आपोआप होतंय."

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच गल्लीतल्या एका मास्तरांची बायको. मी आतून त्यांनी चप्पल काढल्याचा आवाज ऐकला आणि घाईघाईने पाण्याचा तांब्या भरला. बाहेर अप्पा बाजेवर बसले होते, कपाळाला विभूती, हातात पेपर. त्यांनी नेहमीचा नमस्कार घातला.

"शरणु शरणार्थी. काय करून घ्यायलीस गं?"

"आयब्रो, अप्पा."

अप्पांनी पेपर खाली केला, त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चांगल्या हायत की तुझ्या भुवया. कामून ओढून घ्यायलीस? डोळ्यात पाणी येतंय म्हणे."

मास्तरीणबाई लाजल्या, खूश झाल्या, आणि चप्पल घालून परत गेल्या. मी तांब्या घेऊन दारात उभी. अप्पा मला म्हणाले, "तहान न्हाई लागली मला."

मग हे रोजचंच झालं. फेशियलला आलेल्या मुलीला अप्पा म्हणायचे, "तुझं वय काय गं? इतक्यात काय झालंय तोंडाला?" केस सरळ करून घ्यायला आलेल्या बाईला म्हणाले, "कुरळे केस तुझ्या आज्जीचे हायत. मी बघितलोय तिला. लई देखणी होती." ती बाई आज्जीच्या आठवणी काढत तासभर बाजेशेजारी बसली आणि केस तसेच घेऊन गेली.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तूच सांग की त्यांना. तुझं ऐकतेत ते." त्याचं सांगणं ते ऐकत नाहीत, हे त्यानं इतक्या मोठेपणानं मान्य केलं, की मला पुढे भांडताच येईना.

मग मी युक्त्या केल्या. बाज मागच्या अंगणात नेली, तर दुपारपर्यंत ती परत दारात. मागं वारं लागत नाही म्हणे. संध्याकाळी मठात जाऊन बसा, तिथं तुमच्या बरोबरीचे लोक असतात, असं सुचवलं. अप्पा गेले, आणि बरोबरीच्या तिघांना घेऊन आले. पार्लरच्या दारात चार म्हातारे बसलेले आणि आत मी एकटी, असा तो आठवडा गेला. कुठली बाई एवढ्या चौघांसमोरून ओठावरची लव काढायला आत येईल?

शेवटी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "अप्पा, तुमी गिऱ्हाईकाला परत लावून द्यायलाव. मी धंदा कसा करू?"

अप्पांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "मी काय वाईट बोललो का कुणाला?"

"न्हाई. चांगलंच बोललाव. तेच तर."

तेव्हा त्यांनी मला बसवून सांगितलं. अप्पांची सगळी उमर गावातल्या एका कापडदुकानात गेली. गादीवर बसून साड्या उलगडायचे. "बाई कशी बी असू दे, साडी कसली बी असू दे, मी म्हणायचो, लई शोभायलीय. कन्नडात म्हणायचो, मराठीत म्हणायचो, तुरकाच्या बायकांस्नी त्यांच्या बोलीत म्हणायचो. शेटजी मागं बसून ऐकायचे. न शोभणाऱ्या साड्या मी किती इकलो असेन बग. आता माझ्यामागं कोण शेटजी न्हाई. आता मी जसं दिसतंय तसं सांगतो."

माणसाने आयुष्यभर वाट पाहून मिळवलेली खरं बोलायची सवड, आणि ती त्यांनी नेमकी माझ्या दारात खर्च करायला काढली होती. तरी मी करार करून घेतला. त्यांनी शरणु शरणार्थी म्हणायचं, त्यापुढे एक शब्द नाही. अप्पा शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून ते नुसतं नमस्कार करायचे, बाईच्या तोंडाकडे पाहायचे आणि हळूच मान हलवायचे. बोलणं परवडलं असतं. ते डॉक्टरांसारखं मान हलवणं पाहून एक बाई आत आली ती घाबरूनच. "अप्पा असं कामून बघितले? मला काय झालंय का?" मी स्वतःच बाहेर जाऊन करार मोडला. म्हटलं, "बोला अप्पा, काय बोलायचं ते बोला."

त्याच सुमारास अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. माझी नणंद कलबुर्गीला असते. अप्पा तिच्याकडे गेले. बाज रिकामी झाली. सासूबाईंसमोर मी काळजीचा चेहरा ठेवला, पण मनातल्या मनात मी पार्लरची जाहिरात नव्याने करायला घेतली होती.

आणि गिऱ्हाईकं आलीही. पण प्रत्येकजणी दारात थबकून विचारायची, "अप्पा कुठं हायत?" मी सांगायची. मग ती आत येऊन आरशासमोर बसायची आणि विचारायची, "ब्लीच करू का?" मी म्हणायची, करा की. यावर ती माझ्याकडे जरा संशयानं पाहायची आणि म्हणायची, "बगू. अप्पा आल्यावर येते." पलीकडच्या गल्लीतल्या एका सासूनं तर सुनेला अर्ध्यातून परत नेलं. दारात म्हातारं माणूस बसलेलं असतं म्हणून आपण सुनेला पाठवत होतो, असं तिनं मला तोंडावर सांगितलं. आत मी काय करते याच्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. मी लातूरहून आणलेलं प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. ते वाचायला कुणी थांबत नव्हतं.

मग मी ठरवलं, आपणही खरं बोलायचं. एका बाईंना मी अप्पांच्याच सुरात म्हटलं, "अक्का, तुमचं तोंड बरं हाय की, फेशियल कामून करायलाव?" त्या ताडकन उठल्या. "म्हंजे? मला करायची ऐपत न्हाई असं वाटायलंय का तुला?" त्या आजतागायत परत आल्या नाहीत. बाजारात भेटल्या तर भाजीकडे बघतात. तेच वाक्य अप्पा बोलले असते तर त्यांनी घरी जाऊन चार जणींना कौतुकानं सांगितलं असतं. खरं बोलायलाही वय लागतं, आणि ते कुठल्याच कोर्सला शिकवत नाहीत.

अप्पा काळा चष्मा लावून परत आले. त्याच महिन्यात मला पहिली नवरी सजवायचं काम मिळालं, तेही पार औरादकडच्या चिंताकी गावाला. नवरीचे वडील कापडदुकानाचे जुने गिऱ्हाईक. अप्पा म्हणाले, मीही येतो. बॅगा घेऊन आम्ही जीपने गेलो. अप्पा पुढे, चष्म्यामुळे कुणी बडा माणूस असल्यासारखे.

नवरी सावळी, डोळे मोठे, अबोल. मी तिला बसवलं आणि सुरुवात करणार, तेवढ्यात नवरदेवाची आत्या आत आली. माझ्या हातातली डबी पाहून म्हणाली, "ह्यो रंग न्हाई. ह्याच्यापेक्षा पांढरा लाव. आमच्याकडं सगळी गोरी हायत, फोटोत एकटीच काळी दिसंल."

मी नवरीला विचारलं, "तुला कसं पायजे गं?"

ती आरशातून आत्याकडे, मग माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, "माझ्यासारखीच दिसू द्या, अक्का."

आत्याचा आवाज चढला. मांडवातल्या बायका दारात गोळा झाल्या. पैसे देणारं घर नवरीचं, हुकूम सोडणारं घर नवऱ्याचं, आणि मधे हातात ब्रश घेऊन मी. पांढरा थर लावला तर ही मुलगी आयुष्यभर त्या फोटोतल्या अनोळखी बाईकडे बघत राहणार. न लावला तर चिंताकीतून माझं नाव कायमचं गेलं.

एवढ्यात अप्पा दारात आले. मला वाटलं, संपलं. आता हे आत्याला काहीतरी खरं सांगणार.

अप्पांनी चष्मा काढला, नवरीकडे पाहिलं, मग आत्याकडे वळून हात जोडले. "अक्का, ही सून कोण पसंत केलं?"

"मीच," आत्या म्हणाली.

"तरीच!" अप्पा म्हणाले. "मी उमरभर कापड इकलोय अक्का. पांढरं कुणी बी उचलतंय. हा रंग वळखायला नजर लागते. ह्याच्यावर जरीचा काठ किती खुलंल बगा. पांढऱ्या कापडावर जरीकाठ दिसतच न्हाई. आन् तुमी पसंत केलाव ते झाकून कामून टाकायचं? लोकांनी म्हणायला पायजे की, आत्याची पारख हाय."

त्यांचा हात हवेत असा फिरला, जशी समोर साडीच उलगडली. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मऊ, आदबशीर, जराही घाई नसलेला. आत्याने पदर सारखा केला. मग मला म्हणाली, "तुला कळत न्हाई का? पांढरं कशाला लावायलीस?"

मी म्हटलं, "चुकलं, अक्का."

नवरी खाली मान घालून हसत होती. काजळ लावायला मला थांबावं लागलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "अप्पा, तुमी तर म्हणला होताव, आता खरंच बोलणार."

"खरंच बोललो की," अप्पा म्हणाले. "जरा घडी उलगडून दाखिवलो, एवढंच." मग बाहेर बघत म्हणाले, "लई दिसानं मजा आली बग." ते एवढे खुशीत होते की वाटेत जनवाड्याच्या पुढे चहाला थांबल्यावर त्यांनी जीपवाल्याला, त्याचा शर्ट त्याला शोभतो असंही सांगितलं. शर्ट भयंकर होता.

त्यानंतर औरादकडची तीन-चार लग्नं आली. आता माझ्याकडे दुसरी खुर्ची आहे. अप्पांशी नवा करार झाला आहे. तो कुणी बोलून केला नाही, हळूहळू ठरत गेला. भुवयांबद्दल ते बोलत नाहीत. फेशियलबद्दल त्यांचं मत मी विचारते, आणि ते नको म्हणाले तर गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगायला त्यांनाच पाठवते. दिवसाला एखादी परत जाते. ती बहुतेक पुढच्या महिन्यात कुणाला तरी घेऊन येते.

सगळंच जमलं असं मात्र नाही. माझ्या मावससासू दर पंधरवड्याला येतात, दोन तास आडव्या पडतात, तोंडाला जे जे आहे ते सगळं लावून घेतात आणि उठताना म्हणतात, "घरचंच हाय म्हणून आले." त्यांना नको कसं म्हणायचं, हे मी अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "ती आली की मला आधी सांगत जा. मी मठात जातो."