शामलाचा खुबा
कळमेश्वरच्या प्रेमिलाची लेक शामला चालायला लागली तीच एका अंगावर झुकत. "मोठी झाली का सुधरन," सासू म्हणाली आणि प्रेमिला गप्प बसली. पाचव्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा जन्मापासूनच निखळलेला होता. ऑपरेशन करून त्यांनी पोरीला छातीपासून पावलांपर्यंत प्लास्टरमध्ये घातलं.

मे महिन्याच्या उकाड्यात शामला रडायची, "माय, आत खाजवून राहिलं वं!" प्रेमिलाचं बोट तिथवर पोचत नसे. ती प्लास्टरच्या कडेशी तोंड नेऊन नुसती फुंकर घालत राही.

प्लास्टर निघालं. लंगडणं कमी झालं, पण गेलं नाही.

"बाई, तान्ही असतानाच आणायची होती हिला," डॉक्टर हळूच म्हणाले.

प्रेमिलानं लेकीला उचलून कडेवर घेतलं.

"मले चालू दे ना," शामला म्हणाली.

प्रेमिलाच्यानं तिला खाली ठेववेना.