कुंकू लावलेला पॉवर सप्लाय

आमच्या अल्पनानं एका पत्र्याच्या डब्यासाठी जेवढी चौकशी केली, तेवढी लोक जावई शोधतानाही करत नाहीत. अल्पना माझी धाकटी जाऊ. देवासला घरी बसून लोकांच्या लग्नाच्या फिल्म जोडून देते. जुना कॉम्प्युटर तिला रडवायचा, म्हणून सुटे भाग घेऊन नवा बांधायचं तिनं ठरवलं आणि त्याच्याच भरवशावर अमझेरा गावच्या एका लग्नाचं काम घेतलं. ते वेळेवर झालं, तर ते काम देणारा फोटोग्राफर पुढच्या सगळ्या सीझनचं काम तिलाच देणार होता.

भाग घ्यायचे ते अजेयच्या दुकानातूनच. अजेय तिचा मानलेला भाऊ. तिला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे पूर्वी भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. मागच्या गल्लीतल्या अजेयनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाला, "ताई, चंद्र तुला काय देणार? मी आहे ना!" तेव्हापासून पाट त्याचा. मला तो कधीच पटला नाही, फार गोड बोलतो. पण माझं ऐकतो कोण!

"पाण्यावाली कूलिंग लाव ताई, एकदम झकास," तो म्हणाला.

"मे महिन्यात नळाला पाणी नसतं, तिथं कॉम्प्युटरला कुठून पाजू? मोठा पंखा दे, धूळ झटकता येईल असा."

पॉवर सप्लायसाठी, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्यासाठी, मात्र ती हटूनच बसली. आमच्या मोहल्ल्यात वीज सारखी खाली-वर होते. स्वस्तातला सप्लाय स्वतः तर मरतोच, सोबत बाकीच्यांनाही नेतो, हे तिनं वाचलं होतं. चांगल्यातला, हाताला जड लागणारा मागवला. बिलाचं विचारलं तर अजेय हसला, "घर की बात आहे ताई, बिल काय करते?" भावाशी वाद कसा घालायचा, म्हणून तिनं बिलाशिवायच पैसे मोजले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. सासऱ्यांची करवत, माझं शिवणयंत्र, आणि यंदा अल्पनाचा पंखा नि पॉवर सप्लाय. दोन्हींवर तिनं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी चिडवलं, "हळदही लाव, नवरदेवच आहे तो." तिनं खरंच लावली. मग अजेय सगळं जोडायला दुकानात घेऊन गेला.

कॉम्प्युटर आला, सुरू झाला. पण फिल्म तयार करायला लावली की बंद पडायचा. "माझंच काही चुकत असेल," अल्पना म्हणायची. शेवटी एका दुपारी जळका वास आला आणि तो मेलाच.

आम्ही दोघी दुकानात गेलो. काउंटरवर कुणासाठी तरी बांधलेला, काचेच्या पेटीतला कॉम्प्युटर उभा होता. आत, खालच्या बाजूला, अल्पनाचं स्वस्तिक. हळदीच्या बोटासकट.

"अजेय, हा माझा आहे."

त्याला लाजही वाटली नाही. "अरे ताई, एका पार्टीला हाच पाहिजे होता, माल येत नव्हता. तुझ्यात दुसरा टाकला. तुला फिल्मच तर बनवायची!"

मी तोंड सोडलं. अल्पनानं माझा हात घट्ट धरला आणि बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर रडली. "जाऊबाई, त्यानं मागितला असता तर मी दिला असता हो."

अमझेऱ्याचं काम दुसऱ्याकडे गेलं, पुढच्या सीझनचंही गेलं.

भाऊबीजेला अजेय नवा कुर्ता घालून हजर. हातात तोच पॉवर सप्लाय. "घे ताई, वापस आणला. आता ओवाळ." कुंकू स्वच्छ पुसलेलं होतं.

अल्पनानं डबा घेतला, त्याला चहा दिला, फराळ दिला. पाट मांडला नाही. तो बराच वेळ बसला, मोबाईल पाहिला आणि उठून गेला.

दिवेलागणीला ती तबक घेऊन गच्चीवर निघाली. मीही मागोमाग गेले. पश्चिमेला बारीक कोर होती.

"चंद्र काही देत नाही, खरं आहे," ओवाळता ओवाळता ती म्हणाली. "पण काही नेतही नाही."

वारा होता. निरांजन विझू नये म्हणून मी पदर आडवा धरला.