आधी सत्कार, मग हिमालय

परवा नातीने वजनकाटा मागितला. आठवडाभराच्या हिमालयातल्या ट्रेकला निघाली आहे, सॅक भरते आहे.

"आजी, तू गेलेलीस तेव्हा काय काय नेलेलंस?"

"अक्कल सोडून सगळं," मी म्हटलं.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात चहा पिता पिता मी सांगून टाकलं, की चौदा हजार फुटांवरची बर्फातली खिंड चढायला चालले आहे. पुढच्याच शनिवारी मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि अध्यक्षबाईंचं वीस मिनिटांचं भाषण. त्या भाषणात मी खिंड चढून आलेसुद्धा. शहाणी बाई म्हणाली असती, आधी जाऊन तर येऊ दे. मी विनयाने मान खाली घालून शाल घेतली. घरी आल्यावर आरशासमोर तोच विनय पुन्हा एकदा करून पाहिला.

झालं. आता न जाण्याची सोय उरली नाही.

मग पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, आणि रोज सकाळी जिन्याने चार मजले वर, चार मजले खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने दोन दिवस पाहिलं आणि ह्यांना जिन्यात गाठलं. "घरात काही बोलणं झालंय का हो? वहिनी रोज सामान घेऊन निघतात."

"मी अडवत नाही," हे म्हणाले. "त्याच परत येतात."

ट्रेकचा नियम साधा होता. सॅक नऊ किलोची, आणि ज्याची त्याच्या पाठीवर. माझी भरली सोळा किलो. त्यातला निम्मा खाऊ. चकल्या, शंकरपाळे, मेतकूट, लिंबाचं लोणचं, तूप, आणि सत्काराच्या नारळाच्या वड्या. ट्रेकवर दोन्ही वेळचं जेवण मिळणार होतं. पण वीस माणसांबरोबर आठवडा काढायचा आणि हात हलवत जायचं, हे आमच्यात बसत नाही. ह्यांनी सॅक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "ही तू नेणार, की ही तुला?"

निघण्याआधी खडवलीला सराव होता. स्टेशनवरून नदीकाठाने चालत जायचं, मागची टेकडी चढायची आणि परत यायचं. आमची लीडर ठाण्याची, पंचविशीतली मुलगी. तिने आधीच बजावलेलं, की भरलेली सॅक घेऊन जो चढणार नाही त्याचं नाव कापणार. नाव कापलं तर शाल घालून घरात बसायचं. सोळा किलो घेऊन टेकडी चढवेना, आणि वड्या सोडवेनात. म्हणून सरावापुरते मी सॅकमध्ये कुरमुरे भरले. चांगली टम्म दिसत होती. खऱ्या ट्रेकचं काय, तर थंड हवेत वजन जाणवत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

टेकडी मी सगळ्यांच्या पुढे चढले. चढता चढता मागच्या तरुणांना दोन-चार उपदेशही केले. वर पोचल्यावर लीडर म्हणाली, "आता सगळ्यांनी रेनकोट काढून घाला. किती वेळ लागतो बघू."

मी चेन उघडली. पिशवी केव्हाच फाटली होती. कुरमुरे अर्ध्या टेकडीवर सांडले.

कोणी हसलं नाही, तेच वाईट होतं. लीडर शेजारी येऊन बसली, मूठभर उचलून खाल्ले. "काकू, तिथे पाऊस आला तर हे पांघरणार?"

"नाव कापलंस का?"

"अजून नाही." तिने आपली सॅक माझ्यापुढे ठेवली. "ही नऊ किलोची आहे. स्टेशनपर्यंत न्या. मग सांगते."

उतरताना मी कोणाला उपदेश केला नाही. दोनदा थांबले, एकदा बसले. गुडघे काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही. पण सॅक माझ्याच पाठीवरून स्टेशनात आली.

"चालाल," ती म्हणाली. "फक्त तुमची सॅक मी भरणार."

पुढच्या रविवारी ती घरी आली आणि दिवाणावर ढीग लावू लागली. चकल्या बाहेर, तूप बाहेर. शाल तिने उजेडात धरली, तर पलीकडची खिडकी दिसत होती. "ही थंडीसाठी?"

"नाही, सत्काराची."

तीही बाहेर. वड्या ह्यांनी तिथेच संपवायला घेतल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी शाल घडी करून अध्यक्षबाईंकडे परत दिली. म्हटलं, "राहू दे तुमच्याकडे. आल्यावर द्या."

मी गेले, खिंड चढले, आले. शाल मागायला गेले तेव्हा कळलं, की दरम्यान ती पाककृती स्पर्धेतल्या पहिल्या नंबराच्या बाईंना घातली गेली होती.