तिसरा कचरू

आमची चार्ली कंपनी तेव्हा काश्मीरमध्ये, ताबारेषेजवळच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार होतो आणि एका सेक्शनचा कमांडर. सेक्शन म्हणजे दहा जवान. माझ्या दहांत दोन कचरू जाधव होते.

शहरातला माणूस हे नाव ऐकून हसतो. हसू दे. आमच्या मराठवाड्यात आधीची लेकरं वाचली नाहीत की पुढच्याचं नाव कचरू ठेवतात, नाहीतर दगडू. मरणाला वाटावं, हे काय उचलून न्यायचं, आणि त्यानं पुढचं घर बघावं. आमच्यातला एक कचरू जालन्याकडचा होता. दुसरा कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दोघांच्याही आयांनी मरणाशी हाच सौदा केलेला.

रोल कॉलला नाव पुकारलं की दोघंही एकदम "हाजिर!" म्हणून ओरडायचे. फौजेत यावर जुना इलाज आहे. एकाच नावाचे दोन जवान असले की आर्मी नंबरातले शेवटचे दोन आकडे, तेच त्यांचं नाव. जालन्याचा झाला सत्तावीस, देवगावचा एकसष्ट. लंगरमध्ये तेच, रेडिओवर तेच, शिवी देतानाही तेच. सत्तावीस अखंड बडबड्या. एकसष्ट मोजकं बोलायचा, पण चढणीवर पाय कुठं टाकायचा हे त्याला सांगावं लागत नसे.

पोस्टवरचं आयुष्य सांगण्यासारखं नसतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहणं, मग हत्यारांची सफाई, पाणी भरणं, पहाऱ्याची संत्री ड्यूटी, गस्तीचं पेट्रोल. दुसऱ्या दिवशी परत तेच. घरच्यांना वाटतं रोज गोळ्या चालतात. रोज खरं तर बटाटे सोलले जातात.

त्या दिवशी सकाळी आम्ही पेट्रोलवर होतो. नाला ओलांडताना समोरच्या झाडीतून फायर आला. सगळ्यांनी आडोसा घेतला. सत्तावीस उघड्यावर राहिला, मांडीत गोळी लागून.

"कव्हरिंग फायर!" मी ओरडलो.

कुणी जायचं हे मी अजून बोललो नव्हतो. एकसष्ट तोवर निघालाही होता. सरपटत गेला, सत्तावीसला पट्ट्याला धरून ओढत खडकापर्यंत आणला आणि आत ढकलला. स्वतः आत यायला त्याला सवड मिळाली नाही. गोळी मानेत लागली.

फायर थांबल्यावर मी रेडिओ सेट हातात घेतला.

"एक जख्मी, एक फेटल. ओव्हर."

"फेटल कौन?" पलीकडून ऑपरेटरनं विचारलं.

"कचरू."

कंपनी कमांडर साहेबांचा आवाज लगेच आला. "कौनसा कचरू?"

"सिक्स वन."

"दोबारा बोलो."

"सिक्स वन. सिक्स वन. ओव्हर."

एका आईच्या दारात चुकीचा निरोप जाऊ नये, म्हणून साहेबांनी दोनदा विचारलं. दोन शब्दांचा प्रश्न होता. पुढं आमच्या शहरात एवढा प्रश्न विचारणारा एक माणूस भेटला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी सुभेदार होऊन रिटायर झालो आणि शहरात, मुकुंदवाडीत घर केलं. आम्ही माजी सैनिकांनी शहराच्या वेशीवरच्या पडेगावच्या लोकांना धरून तिथल्या चौकात एक साधा खांब उभा केला. वर पाटी: शहीद कचरू जाधव चौक. देवगावची एसटी त्याच रस्त्यानं शहरात येते. एकसष्टची आई, गयाबाई, डोळे दाखवायला दवाखान्यात यायच्या तेव्हा आधी पडेगावला उतरायच्या. खांबावरून हात फिरवायच्या, पदरानं पाटी पुसायच्या आणि मग दुसऱ्या गाडीनं पुढं जायच्या. लेकाला भेटून आले, म्हणायच्या.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला.

"भाऊ, चौकात फोटू लावलाय त्यो मानूस कोन हाय?"

"कुठला फोटो, मावशी?"

"मला वाचता येत नाय. पन माझा कचरू वळखता येतो की. ह्यो त्यो नाय."

मी गेलो. खांब गायब. त्या जागी काळा ग्रॅनाइट, रंगीत दिवे, आणि सोनेरी अक्षरांत 'कै. कचरूभाऊ जाधव चौक'. बाजूला पांढऱ्या टोपीतला, जाड मिशांचा एक म्हातारा. त्या भागातल्या एका पुढाऱ्याचे हे वडील. चौकाचं सुशोभीकरण ह्याच पुढाऱ्यानं केलेलं. नाव आयतंच सापडलं, मग बाप बसवायला किती वेळ लागतो?

मी त्याच्या ऑफिसात गेलो. गेल्या गेल्या त्यानं माझ्या पायाला हात लावला.

"काका, नावाला हात लावला का आम्ही?" तो म्हणाला. "नाव जसंच्या तसं हाय. फक्त शहीद काढलं. अक्षरं मावत नव्हती."

"कै. मावलं, भाऊ मावलं. शहीद मावलं नाही?"

"तुमच्या जवानाचा बी मान ऱ्हातो, आमच्या वडलांचा बी. एका दगडात दोन काम. सव्वीस जानेवारीला म्हातारीला आणा ना स्टेजवर. साडीचोळी करू, शाल देऊ. मीडियावाले बोलावतो."

चहा आला होता. मी घेतला नाही. निघताना त्यानं माझ्या हातात वडिलांचं छापील चरित्र कोंबलं. घरी येऊन उघडलं. व्यायामशाळा कचरूभाऊंच्या नावाची, मंगल कार्यालय त्यांच्या नावाचं, क्रिकेटचा करंडक त्यांच्या नावाचा. ते सगळं खुशाल असो, स्वतःच्या खिशातून उभारलेल्याला कुणीही बापाचं नाव द्यावं. पण एका पानावर आमच्या चौकाचा फोटो होता आणि खाली ओळ: 'जनतेनं प्रेमानं दिलेलं नाव.' वाचून मला ओकारी आली. हा अलंकार नव्हे, मी खरोखर उठून मोरीत गेलो.

पुढाऱ्याचं एकवेळ समजतं, त्याची जातच ती. किळस आली ती बाकीच्यांची. खांबाच्या उद्घाटनाला 'अमर रहे' म्हणून घसा फोडणारे पडेगावातले चारचौघं मी गाठले. एक घाईचं काम काढून निघून गेला. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या ना सुभेदारसाहेब, नाव तर तेच हाय." तिसऱ्याला पुढाऱ्याकडून गल्लीत ड्रेनेज टाकून घ्यायचं होतं. परत येताना रिक्षावाल्याला मी मुद्दाम चौकाचं नाव विचारलं. "कचरूभाऊ चौक, चाचा. बडे आदमी थे," तो म्हणाला. त्याचा दोष नाही, पाटीवर तेच होतं. महापालिकेत अर्ज दिले, खेटे घातले. सगळीकडे एकच उत्तर: नाव बदललेलंच नाही, तर तक्रार कसली?

शेवटी मी सत्तावीसला बोलावून घेतलं. तो आता जालन्यात एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला असतो, पाय ओढत चालतो. दोघं देवगावला गेलो.

गयाबाई अंगणात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"मरनाला नको वाटावं म्हनून असलं नाव ठिवलं व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्येची बी चोरी करनारी मानसं असत्यात, हे मला काय ठावं?"

मग सत्तावीसकडं बघून म्हणाल्या, "तुमी दोघं बी कचरू. मग पल्टनीत त्याला काय म्हनायचे?"

"एकसष्ट, आई." सत्तावीस म्हणाला. "त्याच्या नंबरातले आकडे."

"दुसऱ्या कुनाचा असतो का त्यो नंबर?"

"नाय. फौजेत एकाचा नंबर दुसऱ्याला देत नाय."

त्यांच्या शेताच्या बांधावर, लेकाला जिथं अग्नी दिला तिथं, एक शिळा उभी आहे. गयाबाईंनी गावातल्या पेंटरला निरोप धाडला. तो डबा-ब्रश घेऊन आला आणि सवयीनं वरच्या बाजूला नाव लिहायला टेकला.

"थांब," गयाबाई म्हणाल्या. "वर आकडा लिव, मोठा. नाव खाली. आकडा कुनाच्या बापाचा नाय."

पेंटरनं शिळेच्या माथ्यावर सहा काढला, मग एक. खाली बारीक अक्षरांत शिपाई कचरू जाधव. रंग ओला होता, तरी गयाबाईंनी त्यावर हात ठेवला, आणि पांढरी बोटं तशीच पदराला पुसली. सत्तावीसनं दुखरा पाय जुळवून सॅल्यूट केला. मीही केला.

पडेगावच्या चौकात तो टोपीवाला अजून उभा आहे. गयाबाई आता तिथं उतरत नाहीत. एसटी तिथून जाते तेव्हा त्या तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवतात. बांधावरची शिळा मात्र त्या रोज सकाळी पुसतात. तिथं कौनसा कचरू, असं कुणाला विचारावं लागत नाही.