शिंगं गळेपर्यंत

शिकारबंदीची पत्रकं वाटताना एका घरी पाणी प्यायला थांबलो. ओसरीच्या भिंतीवर सांबराचं मुंडकं होतं आणि शिंगाला टोपी अडकवलेली.

"आमच्या वडिलांची शिकार," घरातले काका म्हणाले. "लहान शिंगांचा नर ते मारायचेच नाहीत. यंदा वरच्या रानात असाच मोठा दिसलाय. पोरं टपून बसलीत."

"काका, शिंगं दरवर्षी आपोआप गळतात. त्यासाठी जीव कशाला घ्यायचा?"

"मग लोकांना काय सांगू, वेचून आणली म्हणून?" ते हसले.

सांबर आपला डौल दरवर्षी मातीत टाकून देतं. माणसाला तो खिळ्याला टांगून मिरवायचा असतो.

बाहेर पडलो तर समोर वरचं रान. त्या नराची शिंगं आजच गळून पडोत, एवढंच मनात आलं. बोडक्या सांबरावर कुणी बंदूक रोखत नाही.