नियमात न बसणारा प्रश्न

पद्माकर शेंडे नागपूरहून मेलबर्नला शिकायला आला, तेव्हा पहिले आठ महिने तो विमलताई आणि बाळ तायडे यांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहिला. विमलताई वृद्धाश्रमात केअरर होत्या, बाळदादा ट्रक चालवायचे. पुढे पद्माकर मेलबर्नजवळच्या वेरिबीत फार्मसिस्ट झाला, आणि मॉर्टन क्रीक कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, निवडणूक लढला तेव्हा त्याची पत्रकं घरोघरी टाकली ती विमलताईंनीच.

कौन्सिलमध्ये तो उपमहापौर झाला. सभा महापौर चालवायचे. ते नसले की खुर्चीत पद्माकर. हे काम त्याला मनापासून आवडायचं. कोरम बघायचा, बोलणाऱ्याला वेळ द्यायचा, वेळ संपली की थांबवायचं, प्रश्न नियमात बसतो का ते ठरवायचं आणि आपलं मत बाजूला ठेवायचं. "आपल्या माणसाने खुर्चीत बसून एक चूक केली तरी दहा वर्षं लक्षात ठेवतात," असं तो बायकोला, सरिताला, म्हणायचा.

जुलै २०२०च्या सुरुवातीला विमलताईंना कामावर कोविड झाला. अँब्युलन्स दारात असताना त्यांनी पद्माकरला फोन केला. बाळदादांना अर्धांगवायू झालेला. वॉकर धरून जेमतेम चालायचे. मुलगी मयूरा डार्विनला, आणि राज्यांच्या सीमा बंद.

"ताई, घाबरू नको. एकट्या म्हाताऱ्यांची कौन्सिलची यादी आहे. रोज चौकशी करतात. फॉर्म पाठवतो, तेवढा भर."

त्यांनी स्ट्रेचरवरून फॉर्म भरला. पद्माकर चार किलोमीटरवर राहत होता. यादी आहे म्हटल्यावर तो गेला नाही.

नवव्या दिवशी पोलिसांनी दार फोडलं. बाळदादा स्वयंपाकघरात पडलेले होते. जाऊन चार-पाच दिवस झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. विमलताई तेव्हा आयसीयूत होत्या. अंत्यविधी त्यांच्याविना झाला.

कौन्सिलच्या सभेत रहिवाशांनाही प्रश्न विचारता येतात. सप्टेंबरच्या सभेसाठी विमलताईंनी प्रश्न पाठवला. सभेच्या दिवशी दुपारी महापौरांचा पद्माकरला फोन आला. "बरं वाटत नाहीये, मेट. आज तू चालव." पाठोपाठ अधिकाऱ्यांचं गोपनीय टिपण आलं. तीन दिवस तीन फोन केले, उत्तर नाही, म्हणून बाळदादांचं नाव यादीतून काढलं. प्रकरणाची चौकशी चालू आहे, सभेत चर्चा नको.

संध्याकाळी झूमवर विमलताई दिसल्या. बोलताना धाप लागत होती. इंग्रजी वाक्य पाठ करून आल्या होत्या. "माझ्या नवऱ्याचं नाव यादीतून कोणी काढलं?"

"हे प्रकरण चौकशीत आहे. नियमानुसार हा प्रश्न घेता येत नाही," पद्माकर इंग्रजीत म्हणाला.

"पण कोणीतरी काढलंच ना?"

"मॅडम, प्लीज."

'मॅडम' ऐकून त्यांनी पाठ केलेलं इंग्रजी सोडलं. मग मराठीत म्हणाल्या, "पद्माकर, अरे मी विमलताई. तू तरी सांग ना रे."

त्याने त्यांना म्यूट केलं.

ते त्यांना तेव्हा कळलंच नाही. दीड मिनिट त्या बोलत राहिल्या. बोटांवर दिवस मोजून दाखवत होत्या. दहा नगरसेवक आवाज नसलेलं ते बोलणं बघत बसले. वेळ संपल्यावर पद्माकरने पुढचा विषय पुकारला, लायब्ररीमागच्या पार्किंगचे पट्टे.

'वेल डन, मेट,' महापौरांचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरिताला ते तलावाकाठी पळताना दिसले, ठणठणीत.

त्याच दिवशी पद्माकर चालत विमलताईंकडे गेला. जाळीच्या दाराआड त्या उभ्या राहिल्या.

"जयभीम, ताई."

"जयभीम."

"मला काल सगळं माहीत होतं. तीन फोन केले होते त्यांनी. उचलले नाहीत, म्हणून नाव काढलं."

"कोणत्या नंबरवर?"

"फॉर्मवरच्या."

विमलताईंनी मोबाइल काढला. जुलैपर्यंत मागे गेल्या. प्रायव्हेट नंबर, तीन मिस्ड कॉल. "यांना फोन धरता यायचा नाही, म्हणून मी माझाच नंबर टाकला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडात नळी होती तेव्हा."

"ताई, कोणीतरी घरी जायला हवं होतं. चूक कौन्सिलची आहे."

"तू का नाही गेलास?"

पद्माकर दारापासून एक पाऊल मागे सरकला.

"काल माझं तोंड बंद केलंस, तेच बरं होतं रे. कालपर्यंत मी दुसऱ्या कोणाला तरी शिव्या देत होते."

त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

सभेची ती क्लिप गावभर फिरली. सभापती असावा तर असा, ठाम, असं लोकांनी लिहिलं. ऑक्टोबरमध्ये पद्माकर आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला आणि नोव्हेंबरमध्ये महापौर झाला. सीमा उघडल्यावर विमलताई मयूराकडे डार्विनला निघून गेल्या. सरिताला त्या अधूनमधून फोन करतात. पद्माकरचा विषय निघत नाही.

चौकशीचा अहवाल पुढच्या वर्षी जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात आला. त्यात बाळ तायडे हे नाव नव्हतं, 'एक रहिवासी' एवढंच होतं. अहवाल स्वीकारण्याचा ठराव मांडला गेला. कोणाचा विरोध आहे का, असं पद्माकरने खुर्चीतून विचारलं. कोणी हात वर केला नाही. ठराव एकमताने मंजूर झाल्याचं त्याने जाहीर केलं.