साडूचे स्पीकर

नातेवाइकांत सगळे त्यांना कानसेन म्हणत. हे नाव ठेवताना कोणी चेष्टा केली असेल तर ती त्यांच्या गावीही नव्हती. त्यांना ते छातीवर लावलेल्या पदकासारखं वाटायचं.

पोटापाण्यासाठी ते दातांच्या कवळ्या बनवत. दिवसभर मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या. आता कवळीचं कौतुक कोण करणार? नीट बसली तर माणूस तिला विसरून जातो, आणि टोचली तर बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. त्यामुळे कौतुकाची सगळी भूक कानसेनांनी घराच्या मागच्या खोलीवर काढली होती. तिथे जुने ट्रान्सफॉर्मर होते, पोट फाडलेले रेडिओ होते, बिस्किटांच्या डब्यांत भरलेले स्क्रू होते, आणि या सगळ्या पसाऱ्यातून वाट काढत उभे असलेले त्यांचे दोन स्पीकर होते. अॅम्प्लिफायरसुद्धा त्यांनीच जोडला होता.

दिसायला ते स्पीकर म्हणजे आनंदच होता. साधा प्लाय, जिथे तिथे लांबी भरलेली, एका कोपऱ्याला करवत घसरल्याची खूण. बायको त्यांना खुराडी म्हणायची. पण आतली तांब्याची वेटोळी तिच्याच मदतीने गुंडाळली होती. ती तारेचं रीळ धरून समोर बसायची आणि वेढे मोठ्याने मोजायची. मध्येच कानसेन काही बोलले की मोजणी चुकायची आणि दोघं एकमेकांवर डाफरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा तर दूध उतू गेलं तरी ती उठली नाही, कारण आकडा विसरला असता.

आणि ती खुराडी वाजायची मात्र अशी, की डोळे मिटले तर गाणारी बाई दोन डब्यांच्या बरोबर मधे येऊन बसायची. श्वास घेतला तर तोही कळायचा. रविवारी सासरे ऐकायला येत. सासरे म्हणजे निवृत्त शिंपी, मोजून मापून बोलणारे. मधल्या खुर्चीत बसून ते गाणं पूर्ण ऐकत आणि शेवटी "हं" म्हणत. त्या एका "हं"वर कानसेनांचा आठवडा निघायचा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना धाकट्या साडूंना हा नाद लागला.

साडू स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचे. गोड बोलणारा माणूस, हातात सफाई, आणि कुठल्याही घरात शिरला की पाच मिनिटांत घरचा होणारा. तो शिकायला आला तेव्हा कानसेन आतून फुलून गेले. "दादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच हात धरून शिकवा," असं कोणी म्हटल्यावर कोण विरघळणार नाही? कानसेनांनी सोल्डरिंग शिकवलं, लाकडाची जाडी शिकवली. पहिला धडा अर्थातच तारांचा. "स्पीकरला दोन तारा. लाल लालला, काळी काळीला. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका." साडूंनी मान हलवली. कानसेनांनी मनात अंदाज बांधून टाकला, की पोरगं उत्साही आहे, आपल्या निम्म्याने वाजेल असं काहीतरी जुळवेल, आणि आपण पाठ थोपटू.

शिष्य निम्म्यात असावा, एवढीच गुरूची अपेक्षा असते.

पुढे साडूंचा फोन आला. "दादा, तयार झाले! रविवारी सगळे या. बाबांना मीच घेऊन येतो."

रविवारी. आणि बाबांना. कानसेनांना तिथेच पहिला काटा टोचला.

साडूंच्या दिवाणखान्यात दोन स्पीकर उभे होते, आणि खरं सांगायचं तर ते पाहूनच कानसेनांच्या पोटात दुखायला लागलं. अक्रोडाच्या लाकडाचा पातळ थर, गुळगुळीत गोल कोपरे, एक स्क्रू दिसेल तर शपथ. आतबाहेर सगळीकडे काळीच तार.

"लाल कुठे गेली?" कानसेनांनी विचारलं.

"डोळ्यांत खुपते हो ती. भिंतीवर शोभत नाही," साडू म्हणाले. "पण जोडताना लक्ष ठेवलं होतं मी."

शोभा! कानसेन मनात म्हणाले. याला शोभेचं पडलंय. आणि त्या रागात पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

गाणं सुरू झालं. आवाज त्या डब्यांतून येतच नव्हता. तो भिंतींतून येत होता, छतातून येत होता, गाणारी बाई सगळ्या खोलीभर पसरली होती. बेस थोडा पातळ वाटला, पण कानसेनांनी त्यालाही मनातल्या मनात 'स्वच्छ' म्हणून टाकलं.

"कुठून येतो तेच कळत नाही, की नाही भावजी?" साडूंची बायको, म्हणजे यांची धाकटी मेहुणी, म्हणाली.

"अगबाई, खोलीच मोठी झाल्यासारखी वाटते," कानसेनांची बायको म्हणाली.

झालं! परक्याने म्हटलं असतं तर सोसलं असतं. पण जिने रीळ धरून वेढे मोजले, तिने? सासऱ्यांनी डोळे मिटले, उघडले, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवली आणि चहा मागितला. कानसेनांनी ते पाहिलं, आणि म्हातारा थक्क झालाय असा अर्थ काढून मोकळे झाले.

"दादा, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय," साडू म्हणाले.

"छान," कानसेन म्हणाले. कवळी बसत नसलेल्या माणसासारखं तोंड करून.

घरी येऊन त्यांनी स्वतःचा सेट लावला. बाई मधोमध बसली होती. नेहमीसारखीच, नेहमीच्याच जागी. पहिल्यांदाच त्यांना ती कोंदटलेली वाटली, जागेला चिकटून बसलेल्या कारकुनासारखी. सगळं आयुष्य या खोलीत घातलं, आणि एक कपाटवाला काल येऊन भिंती उडवून गेला! त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अहो, चांगलं चाललंय ना?" बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळत. म्हणून तर विचारते."

कानसेनांनी कपॅसिटर बदलले, डबे भिंतीकडे वळवले, मग एकमेकांकडे वळवले. आवाज जागचा हलेना. मग त्यांनी वेटोळी काढली आणि कमी वेढ्यांची करायची म्हणून सोडवायला घेतली. तारेला पीळ पडला, वरचा लेप सोलवटला. जे उरलं ते वाजवून पाहिलं तर गाणारीला सर्दी झालेली. अजून थोडं सोडवलं. ती आता फोनवरून बोलत होती. शेवटी सगळं सुटं होऊन जमिनीवर पडलं आणि कानसेनांनी त्यावर जुनी चादर टाकली. कामावर एका बाईंच्या कवळीला वरचे दात खाली बसवून ठेवले आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

सासरे रविवारी आले, चादर पाहिली, थोडा वेळ बसले आणि गेले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. "बाबा धाकटीकडे गेलेत," बायकोने सांगितलं, सहज सांगतात तसं. पण कानसेनांना त्यातलं सगळं ऐकू आलं. या कुटुंबात आवाज कळतो तो एका माणसाला, ही त्यांची एकुलती एक मिळकत होती. दिसायला बेतास बात, नोकरी बेतास बात, चारचौघांत बोलायचं वेळेवर सुचत नाही. कान काढून घेतले तर उरतं काय? नुसता कवळीवाला. आणि ते कान साडू हसत हसत, दादा दादा करत काढून घेऊन चालला होता. असा संताप यायचा की साडूंचा गोड स्वभावही त्यांना गुन्हा वाटायचा. निदान उर्मट तरी असायचं ना मेल्याने!

साडूंनी पुन्हा बोलावलं तेव्हा कानसेन लगेच तयार झाले. बायकोला नवल वाटलं. "शर्टसुद्धा चांगला घातलात," ती म्हणाली.

त्यांच्या मनात काय शिजत होतं ते आता सांगायला हरकत नाही. एका डब्याच्या दोन तारांची अदलाबदल केली, की दोन्ही डबे एकमेकांशी भांडायला लागतात. एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. काही तुटत नाही, काही जळत नाही, नुसता आवाजाचा जीव जातो. कारण शोधायला जाणकार लागतो, आणि जाणकार कुटुंबात एकच होता. साडू घाबरून विचारतील, दादा, हे काय झालं? मग दादा सावकाश उठतील. हा बेत त्यांनी इतक्या वेळा मनात घोळवला होता की त्यात त्यांना स्वतःचं काही वावगं दिसेनासं झालं होतं.

साडू चहा टाकायला आत गेले. दोघी बहिणी सासऱ्यांना गॅलरीतल्या कुंड्या दाखवत होत्या. कानसेन उठले. आधी अॅम्प्लिफायर बंद केला, कारण चोरी करतानाही सवय सुटत नाही. डाव्या डब्यामागे वाकून दोन्ही काळ्या तारा सैल केल्या, इकडची तिकडे, तिकडची इकडे, पुन्हा आवळल्या, अॅम्प्लिफायर चालू केला. आणि जागेवर येऊन बसले. चेहरा कवळीच्या साच्यासारखा घट्ट.

सगळे येऊन बसले. साडूंनी तेच गाणं लावलं.

आधी बेस आला. जमिनीतून, पायांतून, खुर्चीच्या लाकडातून. आणि मग गाणारी बाई खोलीभरच्या भिंतींतून गोळा होऊन, पदर सावरून, दोन डब्यांच्या बरोबर मधे येऊन बसली. तिने श्वास घेतला, तोही ऐकू आला.

सासऱ्यांच्या हातातला कप बशीत टेकला. त्यांनी डोळे मिटले आणि पूर्ण गाणं मिटलेलेच ठेवले.

"हं," ते म्हणाले.

पहिल्या ओळीलाच कानसेनांना सगळं कळलं होतं. तारा आधीच उलट्या होत्या. आतबाहेर काळ्यात काळं घालताना साडूंकडून एका डब्याची जोडणी उलटी झाली होती, आणि आज यांनी मोडायला जाऊन ती सुलटी केली होती. त्या दिवशी खोलीभर पसरलेला आवाज म्हणजे दोन डब्यांचं भांडण होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी ते त्यांनी जिन्यातूनच ओळखलं असतं. इथे समोर बसून ओळखलं नाही, उलट त्याच्यावर जळले. एका चुकीचा हेवा केला, आणि त्या चुकीसारखं व्हावं म्हणून घरातलं बरोबर असलेलं उकलून जमिनीवर टाकलं.

"पण मी तर काहीच बदललं नाही!" साडू उठून डब्यांमागे गेले. वाकले, आणि वाकलेलेच थांबले. डाव्या डब्यामागचा धुळीचा थर तेवढा तारांपाशी पुसलेला होता. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "दादा. तुम्ही केलंत हे. माझी तार उलटी होती, होय ना? मला चारचौघांत चुकलास म्हणाला नाहीत. चहा येईपर्यंत गुपचूप नीट करून ठेवलंत!"

"छे, मी कुठे..." कानसेन पुटपुटले.

"बघा बाबा! म्हणून तर मी यांना गुरू म्हणतो. एकदा ऐकलं आणि कळलं यांना. हा कान!" साडूंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मेहुणी कौतुकाने बघत होती. सासरे म्हणाले, "जावईबापू, मलाही गेल्या वेळी काहीतरी विस्कटल्यासारखं वाटलं होतं. पण आपण पडलो शिंपी. तुम्ही होतात म्हणून बरं झालं."

इतकं कौतुक कानसेनांच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. ते मान खाली घालून बसले, आणि सगळ्यांना तो त्यांचा विनय वाटला.

साडूंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. बायको त्यांच्या शेजारी सरकली.

"आपलं अस्संच वाजायचं," ती हळूच म्हणाली.

"हो."

"यांचं चुकलंय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, तर मग आपलं कशाला उघडलंत?"

बाकीचे गाण्यात होते. कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला अख्खी खोली त्यांना मदत करायला तयार होती.

"नव्हतं कळलं," ते म्हणाले. "आज तारा बिघडवायला फिरवल्या मी. जळत होतो गं."



"जळताय ते दिसतच होतं मला," ती म्हणाली. "पण तो आवाज माझाही होता."